सही केली म्हणजे मागतील तेवढं देणं लागतो का?

पत्राचा सारांश : पत्रलेखक मूळचे सांगली जिल्ह्यातले. वडिलांचा मालवाहतुकीचा धंदा होता, त्यामुळे गाड्यांची सवय लहानपणापासून. बहिणीने केलेल्या अर्जावर बऱ्याच वर्षांनी ग्रीन कार्ड मिळालं आणि ते पत्नी-मुलीसह ओहायोत आले. काही महिने बहिणीच्या मोटेलमध्ये काम केल्यावर दुसऱ्या राज्यातल्या एका मोठ्या ट्रक कंपनीची ‘फुकट सीडीएल ट्रेनिंग’ची (सीडीएल म्हणजे ट्रक चालवायचं व्यावसायिक लायसन्स) जाहिरात पाहून तिथे गेले. पोचल्यावर टॅबलेटवर भराभर सह्या घेतल्या. त्यात एक करार होता : दहा महिन्यांच्या आत नोकरी सोडली किंवा कंपनीने काढलं, तर ट्रेनिंगचे ६,५०० डॉलर व्याजासह परत द्यायचे. तीन आठवड्यांची शाळा अकरा दिवसांत उरकली, एका ट्रकवर चार विद्यार्थी. पुढे ट्रेनरबरोबर टीम ड्रायव्हिंग, म्हणजे दोघांनी आळीपाळीने गाडी चालवायची. पगार सांगितला होता त्याहून बराच कमी, त्यातूनही दर आठवड्याला ट्रेनिंगची कपात. लोड भरत असताना लॉगवर (कामाच्या तासांच्या नोंदीत) ‘ऑफ ड्यूटी’ टाका, तास संपले तरी माल पोचवा, असा फेऱ्या ठरवणाऱ्या डिस्पॅचरचा धोशा. पाच महिन्यांनी त्यांनी नोकरी सोडली. शेवटच्या दोन आठवड्यांचा पगार आलाच नाही. आता जवळच्या एका लहान कंपनीत आहेत, शनिवार-रविवार घरी असतात. नोकरी सोडून अकरा महिने झाल्यावर, तीन आठवड्यांपूर्वी, एका कलेक्शन एजन्सीचं पत्र आलं : ८,१४० डॉलर भरा. एजन्सीने त्यांच्या बहिणीलाही फोन करून ‘तुमच्या भावाचं कर्ज थकलंय’ असं सांगितलं. बातमी गावापर्यंत गेली. पत्नी म्हणते, बहिणीकडून उसने घेऊन एकदाचे देऊन टाका. ते विचारतात : ‘आमच्या घरात कुणी कधी कर्ज बुडवलं नाही. सही मीच केली आहे. पण मनाला पटत नाही. भरू, की एक पैसाही देऊ नको? नाही भरलं तर लायसन्स, नोकरी, सिटिझनशिप यांवर काही येईल का?’

---

नमस्कार,

सगळ्यात आधी तारीख बघा. एजन्सीचं पहिलं पत्र, ज्यात रक्कम आणि तुमचे हक्क लिहिलेले असतात, ते हातात पडल्यापासून ३० दिवसांत लेखी हरकत घेतली, तर रकमेचा पुरावा पाठवेपर्यंत एजन्सीला वसुली थांबवावी लागते. १९७७ च्या फेडरल वसुली कायद्याचा हा नियम आहे. तुमचे तीन आठवडे गेलेत. म्हणजे भरायचं की लढायचं हे ठरायच्या आधी एक पत्र गेलंच पाहिजे, आणि ते याच आठवड्यात. त्यात काय लिहायचं ते पुढे सांगते.

आता मूळ प्रश्नाकडे येते, कारण तुमची झोप आकड्यापेक्षा ‘कर्ज बुडवणं’ या शब्दांनी उडवली आहे असं पत्र वाचताना सारखं जाणवलं.

तुम्ही हे कर्ज आहे असं धरून चालला आहात. कुणी तुमच्या हातात साडेसहा हजार डॉलर ठेवले नव्हते. अकरा दिवसांची शाळा दिली आणि तिची किंमत स्वतःच ठरवली. ती किंमत खरी किती, तीन आठवड्यांचं कबूल करून अकरा दिवसच दिले तर ती तेवढीच राहते का, पाच महिने तुम्ही त्यांच्यासाठी गाडी चालवलीत त्याचे किती वजा झाले, दर आठवड्याच्या कपातीचे पैसे कुठे गेले, आणि तुमचा दोन आठवड्यांचा पगार कुठे आहे, यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर त्या ८,१४० च्या आकड्यात दिसत नाही. हिशेब मागणं म्हणजे देणं बुडवणं नव्हे. तुमच्या वडिलांनी धंदा केलाय. त्यांनीही फायनान्सवाल्याने लावलेला दंड डोळे मिटून भरला नसेल, आणि शेवटचा हप्ता दिल्यावर आरसी बुकावरचा बोजा उतरल्याशिवाय त्यांचं समाधान झालं नसेल. अब्रूदार माणूस असाच वागतो.

आपल्याकडून इथे आलेल्या माणसाच्या मनात ‘बाँड’ घट्ट बसलेला असतो. सही केली, आता सुटका नाही. भारतातही ते इतकं सरळ नाही. १८७२ च्या करार कायद्याचं कलम ७४ सांगतं की करारात रक्कम लिहिलेली असली तरी भरपाई वाजवी तेवढीच, आणि लिहिलेल्या रकमेपेक्षा जास्त नाही. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये एका बँकेचा दोन लाखांचा बाँड योग्य ठरवला, तेव्हा सगळेच बाँड पोकळ असतात असंही नाही. अमेरिकेत तत्त्व जवळपास हेच आहे : करारातली रक्कम खऱ्या नुकसानीशी काहीच मेळ खात नसेल, ती माणसाला नोकरीत अडकवण्यासाठीचा दंडच असेल, तर कोर्ट ती लागू करायला नकार देऊ शकतं. तुमच्या करारात पाच महिने काम केलेल्याला आणि पाच दिवस केलेल्याला एकच आकडा आहे. वकील आधी त्या कलमावर बोट ठेवेल.

पण तुमच्या दुसऱ्या टोकाच्या विचाराशीही मी सहमत नाही. ‘एक पैसाही देऊ नको’ हा राग समजतो. तरी त्या कंपनीच्या शाळेतूनच तुम्हाला सीडीएल मिळालं आणि आज त्याच लायसन्सवर तुमचं घर चालतं. ट्रेनिंगची खरी किंमत काढली, कपात आणि थकलेला पगार वजा केला आणि त्यानंतर हजार-दीड हजार डॉलर निघाले, तर ते देण्यात हार नाही. उलट कंपनीच तुमचं देणं लागते असं निघालं, तर तेही मागायला लाजू नका. कुठल्या बाजूला काय निघतं हे आज तुम्हाला माहीत नाही, मला नाही, आणि माझा अंदाज, एजन्सीच्या फोनवाल्यालाही नाही.

तुम्ही एकटे नाही हे आवर्जून सांगते, कारण पत्रात तुम्ही ‘माझ्यासारखा मूर्ख मीच’ असं लिहिलंय. मोठ्या ट्रक कंपन्यांची नव्या ड्रायव्हरांना अशा कराराने बांधून ठेवण्याची पद्धत जुनी आहे. ग्राहकांच्या आर्थिक हितासाठी असलेल्या सीएफपीबी या फेडरल संस्थेने २०२३ मध्ये नोकरीतून अंगावर चढणाऱ्या अशा देण्यांवर अहवाल काढला, त्यात ट्रकिंगबरोबर नर्सिंगही होतं. हे सदर वाचणाऱ्या नर्स भगिनींनी म्हणूनच पुढचं सगळं स्वतःसाठीही वाचावं. लायसन्सचे आणि लॉगचे मुद्दे सोडले तर बाकीचं तुम्हालाही बऱ्याच अंशी लागू आहे.

आधी तुमच्या भीती एकेक करून बाजूला करू.

तुरुंग नाही. खाजगी देणं थकलं म्हणून अमेरिकेत अटक होत नाही, आणि एजन्सीने तशी धमकी देणंच बेकायदा आहे. सीडीएल राज्य सरकार देतं. जुन्या कंपनीच्या पैशांसाठी ते रद्द होत नाही. सिटिझनशिपच्या अर्जात चांगली वर्तणूक पाहतात हे खरं, पण त्यात थकवलेला कर आणि मुलांच्या पोटगीचे पैसे यांना महत्त्व असतं. खाजगी कंपनीशी चाललेला पैशाचा वाद तुमचा अर्ज अडवण्याचं कारण नाही. कर वेळेवर भरा आणि अर्जात विचारलेल्या प्रत्येक गोष्टीचं खरं उत्तर द्या.

नोकरीची भीती थोडी खरी आहे. नवी कंपनी ड्रायव्हर घेताना मागच्या तीन वर्षांतल्या नोकऱ्यांची चौकशी करते. फेडरल नियमाने जुन्या कंपनीला जे सांगावं लागतं ते मुख्यतः नोकरीचा काळ आणि अपघात यांबद्दल; ड्रग-अल्कोहोल चाचण्यांची नोंद २०२३ पासून एका फेडरल यादीत बघतात. तुमच्याकडे पैसे निघतात हा त्यातला भाग नाही. पण त्याशिवाय एक ‘डॅक रिपोर्ट’ असतो, हायरराइट या कंपनीचा. त्यात जुनी कंपनी नोकरी का सुटली, परत घेणार का, अशा नोंदी टाकू शकते. तुमचा डॅक वर्षातून एकदा फुकट मागवता येतो. मागवा. ‘लोड अर्धवट सोडला’ असं काही खोटं लिहिलं असेल तर लेखी हरकत घ्या; साधारण ३० दिवसांत त्यांना तपासणी करावी लागते, आणि खरं ठरवता आलं नाही तर नोंद काढावी लागते. आत्ता नोकरी आहे तेव्हाच हे उरका.

क्रेडिट रिपोर्टवर मात्र नोंद येऊ शकते, आणि ती सात वर्षांपर्यंत राहू शकते. घर घ्यायचा विचार असेल तर ती जाचते. तिथेही हरकत घेता येते.

आता ते पत्र. ते इंग्रजीत लिहायचं, साधं, राग न दाखवता. मजकूर एवढाच : ‘ही रक्कम मला मान्य नाही. मूळ कराराची प्रत, मूळ रक्कम, व्याज, इतर आकार, माझ्याकडून कापलेले आणि भरलेले पैसे यांचा तपशील पाठवा. मूळ कंपनीचं नाव आणि पत्ता कळवा. माझ्या नातेवाइकांशी संपर्क करू नका. माझ्याशी फक्त लेखी संपर्क ठेवा.’ ‘मी एवढे देऊ शकतो’, ‘माझी अडचण आहे’, ‘हो, मी सही केली होती’ यांतलं काहीही त्यात नको. पोस्टातून सर्टिफाइड मेलने पाठवा, पोच घ्या, पत्राची आणि पोचपावतीची प्रत ठेवा. अशीच एक प्रत जुन्या कंपनीलाही पाठवा, आणि तिच्यात शेवटच्या दोन आठवड्यांच्या पगाराची मागणी जोडा.

एक अडचण सांगून ठेवते. हा वसुली कायदा बाहेरच्या एजन्सीला लागू होतो, स्वतः वसुली करणाऱ्या मूळ कंपनीला सहसा नाही. शिवाय तो घरगुती, वैयक्तिक कारणाच्या देण्यांसाठी आहे, त्यामुळे ट्रेनिंगचं देणं त्यात बसतं का यावर कोर्टात वाद घातला जातो. म्हणून एजन्सी उद्या ‘आम्हाला हे लागू नाही’ म्हणू शकते. म्हणू दे. पत्र पाठवल्याने तुमचं काही जात नाही, आणि तुम्ही मुदतीत हरकत घेतली होती याचा कागद राहतो.

फोनवर काही कबूल करू नका. आणि ‘सद्भावना म्हणून शंभर डॉलर तरी टाका’ या आग्रहाला तर अजिबात बळी पडू नका. लेखी करारावर दावा करायची मुदत राज्याराज्यात वेगळी : कॅलिफोर्नियात ४ वर्षं, ओहायो आणि न्यू जर्सीत ६, इलिनॉय आणि आयोवात १०. बऱ्याच राज्यांत थोडे पैसे भरले की ती मुदत नव्याने मोजायला लागते. तुमचं प्रकरण ताजं आहे, पण पाच-सहा वर्षांपूर्वीच्या नोकरीचा तगादा आता आलेल्या वाचकांनी हे ध्यानात ठेवावं. बँक खात्याचा नंबर देऊन ‘आपोआप कपात’ तर कधीच नको.

बहिणीला केलेल्या फोनबद्दल. एजन्सी तुमच्या पत्नीशी बोलू शकते, कायदा नवरा-बायकोला एकत्र धरतो. पण बहिणीला फोन करता येतो तो फक्त तुमचा पत्ता-ठिकाणा विचारायला. तुमचं देणं आहे हे तिला सांगता येत नाही. सकाळी ८ च्या आधी आणि रात्री ९ नंतर फोन नाहीत, आणि एकाच देण्यासाठी सात दिवसांत सातहून जास्त फोन केले तर तो छळ मानला जातो. बहिणीकडून त्या फोनची तारीख, वेळ, नंबर, बोलणाऱ्याने काय सांगितलं हे सगळं लिहून घ्या. या कायद्याखाली दावा करायला एक वर्षाची मुदत असते, आणि दावा जिंकला तर वकिलाची फी समोरच्याला द्यावी लागते. असे वकील म्हणूनच आधी पैसे न घेता प्रकरण बघतात.

आणि बहिणीला एक फोन तुम्हीही करा. पैसे मागायला नाही. ‘कंपनीने जास्त रक्कम लावली आहे, मी हिशेब मागितलाय’ एवढं सांगायला. गावाला एजन्सीच्या तोंडून गोष्ट कळलीये. तुमच्या तोंडून कळलेली नाही. पत्नीने उसने घ्यायला सांगितलं ते चुकीच्या हेतूने नव्हे. दिवसभर घरात तो फोन तिच्यासमोर वाजतो, तुम्ही रस्त्यावर असता. हे पत्र एकत्र बसून लिहा, म्हणजे पुढच्या फोनला काय उत्तर द्यायचं हे तिलाही माहीत असेल : ‘आम्ही लेखी हरकत घेतली आहे, जे सांगायचं ते पत्राने सांगा.’

आता ज्या भागाकडे ड्रायव्हर क्वचितच बघतात तो : तुमचा पगार. लांब पल्ल्याच्या ट्रक ड्रायव्हरला फेडरल कायद्याने सहसा ओव्हरटाइम मिळत नाही, पण किमान वेतन लागू आहे. ते २००९ पासून तासाला ७.२५ डॉलर आहे. पगार मैलावर असो की दिवसावर, आठवड्याचे कामाचे तास मोजून सरासरी त्याखाली जाता कामा नये. तुम्ही पाठवलेल्या एका आठवड्याच्या सेटलमेंटमध्ये (पगाराच्या हिशेबात) ट्रेनिंगची कपात जाऊन ४५० डॉलर हातात आलेत आणि तुम्ही म्हणता त्या आठवड्यात कामाचे तास ६५ होते. भागाकार केला तर तासाला ७ डॉलरही पडत नाहीत. मुख्यतः कंपनीच्या फायद्यासाठी केलेला खर्च ड्रायव्हरवर टाकून पगार किमान वेतनाखाली आणता येत नाही. ट्रेनिंग कुणाच्या फायद्याचं, यावर वकील भांडतील. पण तुमच्या बाजूने भांडण्यासारखं आहे, एवढं नक्की. किमान वेतनाचा दावा दोन वर्षांत करता येतो, कंपनीने जाणूनबुजून केलं असेल तर तीन. तुमची मुदत शिल्लक आहे.

तासांबद्दल अजून एक. टीम ड्रायव्हिंगमध्ये दुसरा चालवत असताना तुम्ही स्लीपरमध्ये, म्हणजे केबिनमधल्या झोपायच्या जागेत, पडून असता आणि कंपनी त्याला विश्रांती म्हणते. आयोवातल्या सीआरएसटी या कंपनीविरुद्ध ड्रायव्हरांनी केलेल्या सामूहिक दाव्यात बोस्टनच्या फेडरल अपील कोर्टाने डिसेंबर २०२३ मध्ये ठरवलं की २४ तासांत ८ तासांपलीकडे स्लीपरमध्ये काढलेला वेळ कामाचा धरला पाहिजे. ओहायो त्या कोर्टाच्या कक्षेत येत नाही, त्यामुळे तो निकाल इथे बंधनकारक नाही. पण वकिलाला नक्की दाखवा. तो हिशेब धरला तर तुमचे ६५ तास कितीतरी वाढतील.

त्यासाठी पुरावा लागतो, आणि इथे घाई आहे. लॉग कंपनीने सहा महिनेच ठेवणं बंधनकारक असतं. तुम्ही सोडून अकरा महिने झाले, म्हणजे त्यांच्याकडचे लॉग कदाचित गेलेही असतील. तुमच्या फोनमधलं सगळं शोधा : लॉगचे स्क्रीनशॉट, डिस्पॅचरचे मेसेज, लोडिंगच्या गेटवरच्या पावत्या, डिझेलच्या पावत्या, फोनने साठवलेला प्रवासाचा मार्ग, घरी केलेले व्हिडिओ कॉल. ‘ऑफ ड्यूटी टाक’ असा एक जरी मेसेज सापडला तरी त्याचं मोल मोठं आहे. अजून नोकरीत असलेल्या वाचकांनी आजच स्वतःच्या लॉगची प्रत उतरवून घ्यावी.

तास संपल्यावर गाडी चालवायचा दबाव आणणं हा वेगळा नियमभंग आहे. ट्रकच्या नियमांत दहा तास विश्रांतीनंतर ११ तास ड्रायव्हिंग, तेही ड्यूटी सुरू झाल्यापासून १४ तासांच्या आत. त्यापलीकडे चालवायला नकार दिला म्हणून कंपनीने त्रास दिला, तर ओशा या कामगार सुरक्षेच्या फेडरल संस्थेकडे १८० दिवसांत तक्रार करता येते. नियम मोडायची जबरदस्ती केली तर ९० दिवसांत एफएमसीएसए या ट्रक वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या फेडरल संस्थेकडे. तुमच्या या दोन्ही मुदती टळल्यात. तरी तुम्ही नोकरी का सोडलीत हे सांगताना हे कारण ठळकपणे यायला हवं. ‘कंटाळून सोडली’ आणि ‘बेकायदा चालवायला सांगत होते म्हणून सोडली’ या दोन बोलण्यांत कोर्टात फार फरक पडतो. कंपनीनेच आधी करार मोडला असेल, तर दहा महिन्यांची अट तुमच्यावर तशीच्या तशी लादता येते का, हा प्रश्न मग उभा राहतो.

करारात ‘वाद झाला तर कोर्टात जाता येणार नाही, लवादाकडे जावं लागेल’ असं कलम आहे म्हणून तुम्ही हात टेकलेत. इतक्यात टेकू नका. न्यू प्राइम (एक ट्रक कंपनी) विरुद्ध ऑलिव्हेरा या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ठरवलं की आंतरराज्य वाहतूक करणारे कामगार फेडरल लवाद कायद्यातून वगळलेले आहेत, करारात त्यांना ‘स्वतंत्र कंत्राटदार’ म्हटलं असलं तरी. तो खटला भरणारा ड्रायव्हरही त्याच कंपनीच्या ट्रेनिंगमधून आलेला होता. राज्याचे लवाद कायदे कंपनी पुढे करू शकते, तेव्हा हे कलम लागू पडतं की नाही हे वकिलालाच ठरवू द्या.

वकील कुठे शोधायचा? उत्पन्न कमी असेल तर राज्यातल्या लीगल एडकडे मोफत मदत मिळते. नाहीतर किमान वेतनाचे आणि ग्राहक हक्कांचे खटले चालवणारा वकील बघा, पहिली भेट बहुतेक जण फुकट देतात. सोबत करार, सगळे सेटलमेंट, एजन्सीचं पत्र न्या. सीएफपीबीकडे आणि राज्याच्या अॅटर्नी जनरलकडे ऑनलाइन तक्रार टाकायला पैसे लागत नाहीत. तक्रारीने देणं रद्द होत नाही, पण कंपनीला लेखी उत्तर द्यावं लागण्याची शक्यता वाढते आणि ते उत्तर तुमच्या उपयोगी पडतं.

न भरता नुसतं गप्प बसणं हा पर्याय मात्र मी खोडून टाकते. एजन्सी थकून नाद सोडेलही. पण दावा लागला आणि तुम्ही कोर्टाच्या समन्सला उत्तर दिलं नाही, तर समोरच्याची रक्कम खरी की खोटी हे न तपासता निकाल त्याच्या बाजूने लागतो. त्यानंतर पगारातून वसुली होऊ शकते, फेडरल मर्यादेने हातात येणाऱ्या पगाराच्या जास्तीत जास्त २५ टक्क्यांपर्यंत. टेक्साससारखं राज्य अशा साध्या देण्यासाठी पगाराला हात लावू देत नाही, ओहायो देतं. म्हणून पत्र काहीही आलं तरी उघडायचं. तुम्ही आठवडाभर बाहेर असता, तेव्हा टपाल पत्नीने उघडायचं आणि फोटो पाठवायचा. समन्स असेल तर त्यावर लिहिलेल्या मुदतीत लेखी उत्तर गेलंच पाहिजे.

आणि तडजोड? माझ्या मते तुमचं प्रकरण शेवटी तिथेच जाईल, आणि त्यात वाईट काही नाही. पण हिशेब हातात आल्यावर. रक्कम ठरली तर आधी कागदावर घ्या : एवढे दिल्यावर पूर्ण देणं मिटलं, उरलेलं कुणाला विकणार नाही, क्रेडिट रिपोर्ट आणि डॅकवरची नोंद काढणार. सह्या झाल्यावर पैसे, आधी नाही. तेही बँकेच्या चेकने. ६०० डॉलर किंवा त्याहून जास्त रक्कम माफ झाली तर वर्षअखेरीला १०९९-सी हा फॉर्म येऊ शकतो आणि माफ झालेली रक्कम उत्पन्नात धरली जाऊ शकते. रकमेबद्दल खराच वाद होता हे कर भरताना सांगता येतं, म्हणून तुमचं हरकतीचं पत्र तेव्हाही लागेल.

तुमच्या पत्राच्या शेवटी तुम्ही लिहिलंय की सांगलीतला तुमचा मावसभाऊ हेच करायला कॅलिफोर्नियाला येतोय. त्याच्यासाठी, आणि या वाटेवर असलेल्या सगळ्यांसाठी.

७ फेब्रुवारी २०२२ पासून नव्या सीडीएलसाठी एफएमसीएसएच्या नोंदणीतल्या शाळेतच ट्रेनिंग घ्यावं लागतं. पण त्या नियमात गाडीवरच्या सरावाचे किमान तास ठरलेले नाहीत, म्हणून ‘मान्यताप्राप्त’ या शब्दावर जाऊ नका. स्टिअरिंग किती तास हातात मिळणार आणि एका ट्रकवर किती जण असणार ते विचारा. कम्युनिटी कॉलेजमध्येही सीडीएलचे कोर्स असतात, आणि डब्ल्यूआयओए या सरकारी योजनेतून पात्र माणसाची फी भरली जाऊ शकते. काउंटीच्या रोजगार केंद्रात जाऊन विचारायचं. काही कंपन्या उलट पद्धतीने वागतात : तुम्ही स्वतः शाळा करून या, आम्ही दरमहा थोडी थोडी फी परत देऊ. तिथे नोकरी सोडली तर पुढचे पैसे मिळत नाहीत, पण अंगावर काही चढत नाही. नवशिक्याला मी हाच मार्ग सुचवेन, सुरुवातीला उसनवारी करावी लागली तरी.

कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२६ पासून केलेल्या करारांसाठी नवा कायदा आहे. नोकरी सोडल्यावर पैसे मागणारे बरेचसे करार त्याने बंद केले. बाहेरच्या मान्यताप्राप्त संस्थेच्या, दुसरीकडेही चालणाऱ्या पदवीच्या फीला अपवाद आहे; सीडीएल त्यात बसेलच असं नाही, आणि तो अपवादही अटींवर : तो करार नोकरीच्या करारापासून वेगळा हवा, ते ट्रेनिंग नोकरीची अट असता कामा नये, रक्कम आधी सांगितलेली हवी, काम केलेल्या काळाच्या प्रमाणात ती कमी होत गेली पाहिजे. मावसभावाला या अटी लिहून द्या. कॅलिफोर्नियाबाहेर राहणाऱ्यांनीही सही करण्याआधी हेच प्रश्न विचारावेत. त्यात आणखी एक : कंपनीने स्वतःच काढून टाकलं तरी पैसे द्यायचे का? आणि टॅबलेटवर सही घेऊन कराराची प्रत ईमेलवर पाठवायला जे तयार नसतील, तिथून त्याच दिवशी परतीच्या बसचं तिकीट काढावं. त्या तिकिटाचे पैसे पुढच्या दहा महिन्यांपेक्षा स्वस्त पडतात.